ओळखीची खूण

फॉर्म मीच भरला. चोपड्याच्या आमच्या
कर्णबधिर निवासी शाळेत परदेशी माणूस
कधी उतरलंच नव्हतं. पोलिसांना कळवायचं असतं,
तेही चोवीस तासांत.
नाव. पासपोर्टावरची अक्षरं जोडत मी वाचलं, सिओभान.
ती म्हणाली, शिवॉन.
मी परत अक्षरं पाहिली. त्यात तो आवाज कुठंच नव्हता.
देश आयर्लंड, वय एकतीस, मुक्काम दहा महिने.
येण्याचा हेतू: सेवा.
काय लिहिलंत, तिनं विचारलं. सांगितल्यावर म्हणाली,
सेवा नको, काम लिहा.
मी म्हटलं, बाई, बिनपगारी कामाला
आमच्या रकान्यात सेवाच म्हणतात.
ओळखीची खूण: निरंक.

मार्च होता. तिची खोली पत्र्याची,
स्टोअररूमच्या डोक्यावर.
आठ दिवसांत अंगभर घामोळं, ओठ फुटलेले,
पोटात शेवभाजीचा उच्छाद.
सुपडाबाई स्वयंपाकीण दारात उभी राहून विचारायची,
"जेवनी का व माय?"
आणि ती घाईनं वही उघडायची.
तिच्या वहीतलं मराठी पुण्याचं होतं.

ठेच्याचा पहिला घास तिच्या नाकाडोळ्यांतून वाहिला.
समोरची साठ पोरं पोट धरून हसली
आणि सातवीतल्या गुलसिंग पावरानं
नाकाखालून दोन बोटं खाली ओढली,
नळ गळतो तशी.
तेच तिचं नाव झालं.
स्पेलिंग नसलेलं. चुकायची सोयच नाही.

मे महिन्यात पोरं घरी गेली.
उरलो आम्ही तिघं आणि कूलरची घरघर.
पहाटे गच्चीवर सुपडाबाई बिबडे घालायची,
ही शेजारी बसून ज्वारीचा घाटा पसरायची, वेडावाकडा.
कावळे हाकलताना तिकडच्या शिव्या द्यायची.
सुपडाबाईला त्या समजायच्या.
रात्री ओली चादर पांघरून निजायचं,
हेही बाईनंच शिकवलं.

एका दुपारी ती टाकीमागं रडताना दिसली.
मी उगाच व्हॉल्व्ह तपासला आणि खाली आलो.
हवं तर परत जा, एवढं इंग्रजी मला येत होतं.
थांब, असं म्हणायचं येत होतं की नाही,
आठवत नाही.

जुलैत ती ऑफिसात आली, वर्गाची हजेरी घेऊन.
जाता जाता म्हणाली,
तुमची खूण मला फार आवडते.
कसली खूण?
तिनं उजवी मूठ तोंडाजवळ नेली, हा करून वाफ सोडली
आणि डाव्या तळव्यावर आपटली. दोनदा.
शाई सुकली की मी शिक्क्याला करतो, तस्सं.
पोरं तुम्हाला असं म्हणतात.
कधीपासून?
बाहेर जाऊन, विचारून आली.
तुम्ही लागलात तेव्हापासून. मोठी पोरं
शाळा सोडताना लहानांना देऊन जातात.

तेरा वर्षं.
दाखले, टक्केवारी, शिष्यवृत्तीचे अर्ज,
साऱ्यांची नावं मी आईच्या नावासकट पाठ सांगेन.
हाक मारायची तर फरशीवर पाय आपटायचो,
ज्याला हवं तो वळेल म्हणून.
हातातलं नाव एकाचंही ठाऊक नव्हतं.

फॉर्मची प्रत फाइलीत आहे.
'निरंक' खोडून वर लिहावं म्हटलं तर
तिची खूण कुठल्या अक्षरात लिहायची?

त्या संध्याकाळी पंगतीत गेलो.
सुपडाबाई कळण्याच्या भाकरी थापत होती,
ती पाण्याचा जग घेऊन फिरत होती.
गुलसिंगसमोर बसलो आणि तिनं दाखवलं होतं तसं
हातानं विचारलं, तुझं नाव काय?
त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. मान हलवली.
ताट बाजूला सारून माझा अंगठा धरला,
हवा तिथं वाकवला.
परत, त्यानं खुणावलं.
परत.